गार्गी नावाचा आलुबुखार

कॅनडाहून हनिया येणार म्हणून प्रतापने तीन कुटुंबांना जेवायला बोलावलंय, हे शशिकलाला गुरुवारी संध्याकाळी कळलं. तेही नवऱ्याकडून नाही, स्वप्नाच्या फोनवरून. "वहिनी, उद्या मी काय करून आणू?" असं मंडळातल्या स्वप्नाने दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातून विचारलं, तेव्हा क्षणभर शशिकलाला काही उमगेचना.

प्रताप हॉलमध्ये सोफ्याचे अभ्रे बदलत होता.

"अहो, ती पोरगी पहाटे उतरणार. संध्याकाळी तिचं लाहोरचं विमान. बहिणीच्या लग्नाला चाललीय बिचारी. जरा टेकू तरी द्याल की नाही तिला?"

"टेकू दे की. दुपारपर्यंत झोप म्हणावं. लोकांना तिच्या तोंडून ऐकायचंय गं. मी एकटा किती सांगणार?"

सांगण्यात त्याने काही कमी ठेवलं नव्हतं, हे मात्र खरं. मंडळाच्या गणपतीत, दिवाळी फराळाला, तेलाच्या विहिरीवर शिफ्ट बदलताना, जिथे माणूस भेटेल तिथे तो सांगायचा, की कॅनडात आलुबुखाराची एक नवी जात निघालीय, उणे चाळीसच्या थंडीत टिकणारी, आणि तिचं नाव आहे गार्गी. आमच्या गार्गीने काढलेली.

गार्गी त्यांची एकुलती एक. कतारमधल्या दुखानच्या ह्याच तेल कंपनीच्या कॉलनीत वाढली. लहानपणी आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. पुढे हट्टाने पुण्याच्या शेतकी कॉलेजात गेली आणि सुट्ट्यांत पुरंदरला काकांच्या अंजिराच्या बागेत राहायला लागली. तिथून परत आली ती काकांसारखं ठसक्यात मराठी बोलत. घरात बापलेकीचं मेतकूट असं, की दोघं जेवायला बसली की कलमं, खुंट, छाटणी ह्यापलीकडे विषय निघायचा नाही. शिकायला कॅनडात गेली ती थेट मधल्या सपाट मुलखात. तिथे हिवाळा सहा महिने हलत नाही आणि साधी फळझाडं पहिल्याच थंडीत वाळून जातात.

तिचं काम काय ते शशिकलाला तिनेच फोनवर समजावलं होतं. तिकडचा रानटी आलुबुखार असतो, लहानसा, जाड सालीचा, तुरट. पण थंडीला तो हार जात नाही. आणि जपानी आलुबुखार मोठा, रसाळ, पण नाजूक. ह्या दोघांची सोयरीक जुळवायची. फूल उमलायच्या आत त्याचे पुंकेसर खुडायचे, दुसऱ्याचे पराग बोटाने लावायचे, वर जाळी बांधायची. आलेल्या बिया ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये ठेवायच्या, हिवाळा सोसल्याशिवाय त्या रुजत नाहीत. मग रोपं. मग पाच-सहा वर्षं नुसती वाट बघायची.

"शेकड्यांनी रोपं लावायची आई, आणि त्यातली बहुतेक थंडीनेच मरतात. उरलेली आम्ही कापतो."

"कापता? एवढी वाढवून?"

"फळ चांगलं नाही धरलं तर काय करणार? म्हणून तर त्यांना नंबर देतो फक्त. नाव नाही ठेवायचं. एकदा नाव ठेवलं की कापवत नाही."

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, विद्यापीठातून घरी परतताना हायवेवरच्या बर्फावरून तिची गाडी घसरली. प्रताप एकटाच जाऊन तिला घेऊन आला. पोलीस, हॉस्पिटल, वकिलात, विमान कंपनी, सगळीकडची कामं त्याने शांतपणे उरकली. पुण्याला सगळं पार पडलं आणि तेराव्यानंतर लगेच तो ड्यूटीवर हजर झाला. त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भावजया शशिकलाला हळूच म्हणाल्या, पुरुषमाणूस आहे, आत साठवतोय. शशिकला तेव्हा ह्याचं काही ऐकण्याच्या परिस्थितीत नव्हती.

दीड-पावणेदोन वर्षांनी हनियाचा फोन आला. हनिया लाहोरची, गार्गीच्या बरोबरीने शिकणारी, तिची घरातलीही सोबतीण. गार्गीने पहिल्या वर्षी केलेल्या संकरातल्या एका झाडाला फळ लागलं होतं. गडद लाल, आत पिवळं, मधासारखं. प्रोफेसरांना त्याला 'गार्गी' नाव द्यायचं होतं, तुमची परवानगी असेल तर.

प्रतापने फोनवरच हो म्हटलं. शशिकलाने फोन ठेवल्यावर नाही म्हटलं.

"अहो, तिनेच सांगितलं होतं मला, इतक्यात नाव ठेवायचं नसतं म्हणून. नाव ठेवलं की लोक नावं ठेवायला मोकळे. उद्या कुणी चाखून थुंकेल. गार्गी आंबट आहे म्हणतील, गार्गीला कीड लागली म्हणतील. मला नाही ऐकवणार ते."

"कोण येतंय तुझ्या कानात सांगायला?"

"आणि मेलं तर?"

"नाही मरणार," प्रताप म्हणाला. "कुणी केलंय ते?"

ह्यावर त्यांचा अबोला झाला. पुढे आपोआप मिटला. खरं तर शशिकलाच थकली. एका माणसाला एवढ्या एका गोष्टीचा आनंद होतोय तर होऊ दे, असं तिने स्वतःला समजावलं. प्रतापने त्या फळाचा फोटो मोठा करून आणला आणि हॉलमध्ये लावला. हिवाळ्यात सकाळचा चहा घेताना तो मोबाइलवर तिकडचं हवामान बघायचा. "आज उणे एकतीस," म्हणायचा, आणि मग, "काही नाही, तिला चालतं."

झाडाला तो 'ती' म्हणतो हे शशिकलाच्या लक्षात आलं होतं. तिने एकदाही टोकलं नाही.

शुक्रवारी सकाळी प्रताप हनियाला विमानतळावरून घेऊन आला. बारीक चणीची, चष्मा लावणारी मुलगी, खांद्याला एक पिशवी. दारातच तिने शशिकलाला मिठी मारली आणि सोडेचना. प्रताप मागून बोलतच आत आला. रस्ताभर त्याने तिला दुखानचा सगळा इतिहास ऐकवला असणार, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शशिकलाने तिला चहा-पोहे दिले आणि गार्गीच्या खोलीत झोपायला पाठवलं.

तास-दीड तासाने ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शशिकला श्रीखंडासाठी चक्का पुरणयंत्रातून काढत होती.

"झालं का?" हनियाने मराठीत विचारलं.

शशिकलाचा हात थांबला. तोच हेल, 'का'वर तसाच लांबवलेला सूर. पाठमोरी असती तर ती फसलीच असती.

"तिच्याकडून शिकले," हनिया ओशाळून म्हणाली. "रोज सकाळी बाथरूमच्या दारावर थापा मारून हेच ओरडायची." पुढचं ती उर्दूत बोलली. शशिकलाला ते सगळं समजत होतं. "आंटी, अंकल कुठे आहेत?"

"कोल्ड्रिंक आणायला गेलेत. येतील इतक्यात."

हनियाने दार लोटलं. शशिकलाने पुरणयंत्राचा दांडा सोडला. दार लोटून सांगण्यासारखं त्या मुलीकडे एकच काय ते असू शकत होतं.

"गाडीत सांगायचं होतं मला. पण अंकल मला बोलूच देईनात. फोनवर सांगणं बरं वाटेना, म्हणून तर मी इथून जायचं तिकीट काढलं." तिने चष्मा काढला. "झाड गेलं, आंटी."

"कुठलं झाड?" शशिकलाने विचारलं. माहीत असून विचारलं.

"मागच्या वर्षी तिकडे थंडी उशिरा आली. ऑक्टोबर संपत आला तरी पानं हिरवीच. झाडाला झोपायची वेळ कळलीच नाही. आणि मग चार दिवसांत एकदम उणे तीसच्या खाली. बर्फही पडलं नव्हतं, मुळांवर पांघरूण नव्हतं. मे महिन्यात बाकीची झाडं फुटली, हे नाही फुटलं. मी नखाने साल खरवडून बघितली. झाड जिवंत असलं की आत हिरवं दिसतं. तपकिरी होतं. खाली बघितलं, आणखी खाली, जमिनीपर्यंत. मुळंसुद्धा गेली होती."

"आणि ती कलमं? ह्यांनी सांगितलं होतं मला, चार की पाच कलमं बांधलीत म्हणून."

"सगळी गेली. दोन खालून फुटलीत, पण तो खालचा रानटी खुंट आहे, ज्यावर कलम बांधलं तो. तिचं नाही ते."

शशिकला ओट्याला टेकली. दोन वर्षांपूर्वी तिने नेमकं हेच विचारलं होतं, मेलं तर? तेव्हा तिला वाटलं होतं की असं झालंच तर निदान नवऱ्याला सुनावता तरी येईल. आता सुनावायची इच्छाच उरली नव्हती. डोळ्यांपुढे तो येत होता, रोज सकाळी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइलमध्ये थंडी बघणारा.

"तुम्ही रागावलात?"

"कुणावर रागावू, बाळा?" तिने हनियाच्या हातात वेलदोड्याची डबी दिली, तिच्या हातांना काहीतरी काम हवं म्हणून. "हे सोल. आणि ह्यांना आत्ता नको सांगू. माणसं येतायत. त्यांच्यासमोर नको. जेवणं होऊ देत, मग मी सांगेन."

"लोक विचारतील मला."

"गार्गीबद्दल सांग. भरपूर सांग. झाडाकडे जाऊच नको."

जुम्म्याची नमाज सुटल्यावर दोह्याहून माणसं यायला लागली. स्वप्ना आणि तिचा नवरा चेतन, नाशिकचं एक जोडपं, आणि प्रतापच्याच खात्यातले एक जण सहकुटुंब. बाहेर ऊन असं की गाडीतून दारापर्यंत येईतो माणसं लालबुंद. मसालेभात झाला, श्रीखंड झालं, आणि प्रतापने हनियाला मधल्या खुर्चीवर बसवलं.

ती छान बोलली. गार्गी शिडीवर चढून फुलांना पराग कशी लावायची, गळ्यात डबी बांधून, बोट बुडवून. ब्रश दिला तर फेकून द्यायची, म्हणायची बोटाला कळतं ते ब्रशला कळत नाही. रानटी फळं चाखून चाखून जीभ जड व्हायची, मग दोघी भाताच्या पेजेवर राहायच्या. आणि शेतात ती घालायची बापाचा जुना केशरी डगला, दुखानच्या विहिरीवर काम करताना घालतात तो. बाह्या दोनदा दुमडून.

"माझा डगला?" प्रतापने विचारलं. "तो हरवला म्हणून मी स्टोअरमधून नवा घेतला होता."

"खिशावर नाव होतं ना शिवलेलं. त्यामुळे नवीन मुलांना वाटायचं तिचंच नाव प्रताप. प्रोफेसरांना भेटायला एकदा सरकारी माणसं आली होती, त्यांनी सगळ्या मीटिंगभर तिला मिस प्रताप म्हटलं. तिने मुळीच दुरुस्त केलं नाही."

सगळे हसले. प्रताप सगळ्यांत मोठ्याने हसला. शशिकला दाराशी पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिलाही हसू आलं, आणि तेवढ्यात चेतनने विचारलं.

"पण मग आता कसं आहे ते झाड? आम्हाला फळ कधी खायला मिळणार? एक खोका मागवायचा की नाही प्रतापरावांनी?"

हनिया हसायची थांबली. तिने शशिकलाकडे बघितलं. शशिकला जग घेऊन पुढे झाली आणि चेतनचा पेला भरायला लागली.

"छान आहे," प्रताप म्हणाला. "यंदा बहर मजबूत आला होता. पण मे महिन्यात तिकडे उशिराची थंडी पडते ना, त्यात फुलं गळाली. फळ नाही धरलं. चालायचंच. झाड आहे, एखादं वर्ष रुसायचंच."

"म्हणजे पुढच्या वर्षी."

"इन्शाल्ला," प्रताप म्हणाला, आणि उठून सगळ्यांना श्रीखंडाचा आग्रह करायला लागला.

शशिकलाने हनियाकडे पाहिलं. हनियाने किंचित मान हलवली. मी नाही सांगितलं.

माणसं गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेवटची गाडी वळेपर्यंत प्रताप दारात उभा राहून हात हलवत होता. आत येऊन त्याने दोन-तीन पेले उचलले, पुन्हा खाली ठेवले, आणि हनियासमोर बसला.

"कधी गेलं?"

हनियाला रडू फुटलं. शशिकला घाईने पुढे झाली. "अहो, तिने मला सकाळीच सांगितलं. मीच म्हटलं आत्ता नको. पण तुम्हाला कसं..."

"विमानतळापासून इथपर्यंत एक तास लागतो," तो म्हणाला. "एक तासात तिने एकदाही मोबाइल उघडून फोटो दाखवला नाही. गावाला माझ्या घरी बाग आहे गं. झाड जगलेलं असलं तर माणूस नमस्कार करायच्या आधी फोटो दाखवतो." मग हनियाकडे वळून तिला समजेल अशा हिंदीत म्हणाला, "मी सारखा बोलत राहिलो, बेटा. थांबलो असतो तर तू सांगितलं असतंस."

नंतर त्याने सगळं नीट विचारून घेतलं. ऑक्टोबर किती उबदार होता, बर्फ किती होतं, मुळाजवळ पालापाचोळा घातला होता का, कलमाचा जोड जमिनीपासून किती उंचीवर होता. विहिरीवर काही बिघाड झाला की माणसं विचारतात तसं, एकामागून एक. हनियाने प्रत्येकाचं उत्तर दिलं. कुणाची चूक निघाली नाही. चूक निघाली असती तर बरं झालं असतं, असं शशिकलाला त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं.

"प्रोफेसरांनी एक विचारायला सांगितलंय," हनिया म्हणाली. "त्याच संकरातली आणखी तीन झाडं आहेत. ह्याची भावंडंच. ती जगलीयत. एकाचं फळ बरं आहे, थोडं लहान. तुमची हरकत नसेल तर नाव त्याला देता येईल. कागदावर तसं करता येतं."

प्रताप लगेच हो म्हणणार अशी शशिकलाची खात्री होती. पण तो तिच्याकडे वळून म्हणाला, "शशी, तू सांग. मागच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं."

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. 'नको' म्हणणं इतकं जड जाईल असं तिला वाटलं नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर उद्यापासून पुन्हा तो सकाळी मोबाइल घेऊन बसला असता, पुन्हा चार माणसांत छाती काढून बोलला असता. आणि एखाद्या मे महिन्यात कुणीतरी पुन्हा नखाने साल खरवडली असती.

"नको," ती म्हणाली. "तिने त्यांना नंबर दिले होते, नंबरच राहू देत. चांगली निघाली तर निघतील. नाही निघाली तर कापा त्यांना. तीसुद्धा तेच करणार होती."

प्रतापने मान डोलावली. "तसंच सांग सरांना," तो हनियाला म्हणाला. "आणि शुक्रन, थँक्यू, सगळं सांग, मराठी माणसांकडून."

विमानतळावर दोघेही सोडायला गेले. आत जाण्यापूर्वी हनिया प्रतापच्या पाया पडायला वाकली. हेही तिला गार्गीनेच शिकवलेलं असणार. त्याने तिला मधेच धरलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्याने इतका वेळ तसाच ठेवला, की मागची माणसं वळसा घालून जायला लागली.

पार्किंगमध्ये येऊन तो गाडीत बसला, पट्टा लावला, आणि किल्ली हातात धरून तसाच राहिला.

"काय झालं?"

"तिकडे गेलो होतो ना मी तिला आणायला," तो समोर बघत म्हणाला. "तिथे मला दाखवलं तिला. मी बघितलं, सही केली. पण खरं सांगू, मला ते पटलंच नव्हतं. आणि मग ते झाड निघालं. मला वाटायचं, आहे ती तिकडे. लांब आहे, फोन करत नाही, एवढंच. थंडीत उभी आहे, पण आहे." त्याने किल्ली मांडीवर टाकली. "आता गेली गं शशी. आता गेली ती."

आणि तो रडला. स्टिअरिंगवर कपाळ टेकवून, मोठ्याने, गावाकडची माणसं रडतात तसा. शशिकलाने चार वर्षं स्वतःचं रडणं न्हाणीघरात नळ सोडून उरकलं होतं. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि तिच्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहून मानेत उतरलं, ते तिने पुसलं नाही. पार्किंगचा नेपाळी रखवालदार काचेशी येऊन वाकला. "सब ठीक है ना, सर?"

"ठीक है, भैया," तिने काच खाली करून सांगितलं. "निकल रहे हैं."

ती उतरली, वळसा घालून त्याच्या बाजूला गेली आणि त्याला पलीकडे सरकायला लावलं. कॉलनीच्या बाहेर ती क्वचितच गाडी चालवायची. दोह्याची रहदारी मागे पडली, दुखानचा सरळ रस्ता लागला, दोन्ही बाजूंना नुसतं माळरान आणि समोर मावळतीचा सूर्य.

"शेवटचा फोन तुला आला होता ना तिचा," प्रताप एकाएकी म्हणाला. चार वर्षांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. "काय म्हणाली होती?"

"काही विशेष नाही हो. सर्दी झाली होती तिला. हनियाने भात करपवला म्हणून हसत होती. मग तुमची चौकशी केली."

"काय?"

"बाबा बीपीची गोळी वेळेवर घेतात का."

"काय सांगितलंस?"

"घेतात म्हटलं."

"घेत नव्हतो गं मी तेव्हा. टाकून द्यायचो कुंडीत."

"माहीत होतं मला," शशिकला म्हणाली. "तिलाही माहीत होतं."

तो हसला, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागला. शशिकलाने वेग थोडा कमी केला आणि गाडी चालवत राहिली.